जिना चढता आला पाहिजे

ऑक्टोबर २०२५ मध्ये डायॲन कीटन गेली. वय ७९. बातमी वाचून सुनेचा बंगळूरहून फोन आला, "आई, तुम्ही दोघांनी तिचा 'समथिंग्ज गॉटा गिव्ह' बघायलाच हवा. दिवाळीला येतोच आहोत, तेव्हा लावू." मी इंग्रजी सिनेमे फारसे पाहिलेले नाहीत. नाइट ड्यूट्या, मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण यांतून रविवारी दुपारी टीव्हीवर जेवढं दिसेल तेवढंच. त्यामुळे २००३ सालचा हा सिनेमा माझ्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. पाहिल्यापासून मात्र त्याबद्दल कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतं आहे. त्यात जे आहे ते मी वॉर्डात जन्मभर पाहिलं, माझ्या घरातही घडलं. पण त्याबद्दल उघड बोलताना आपल्याकडे फार कमी लोक ऐकले.

मी हृदयरोग विभागात नर्स होते. आधी आयसीयू, मग वॉर्ड, शेवटी इन्चार्ज. मुलगा कॉलेजात असताना यजमान गेले. निवृत्तीनंतर चिंचवडच्या आमच्या सोसायटीजवळच्या बागेत सकाळी फिरायला जायचे, तिथे सर भेटले. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. पत्नी कर्करोगानं गेल्या होत्या आणि त्यांना स्वतःला दोन स्टेंट पडलेले होते. "तुम्ही नर्स होतात ना, मग सांगा, रक्त पातळ करायची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" इथून बोलणं सुरू झालं. त्यांच्या गोळ्यांचे सगळे प्रश्न संपले तरी ते बरोबर चालत राहिले, आणि ते नाही आले त्या सकाळी मला बागेत करमेना. पुढे आम्ही लग्न केलं. ते मला सिस्टर म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे. लग्नानंतरही तेच चालू आहे, आणि दोघांनाही ते आवडतं.

तर सिनेमा. नॅन्सी मायर्सनं तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. हॅरी नावाचा त्रेसष्ट वर्षांचा श्रीमंत माणूस (जॅक निकल्सन) जन्मभर तिशीच्या आतल्या मुलींबरोबरच हिंडलेला. असाच एका तरुण मुलीबरोबर तो तिच्या आईच्या समुद्राकाठच्या घरी सुट्टीला जातो. आई अचानक येऊन थडकते. ती एरिका, पन्नाशी ओलांडलेली, घटस्फोटित, नामवंत नाटककार. ती कीटन. त्याच रात्री हॅरीला हार्ट अटॅक येतो. प्रवासाला मनाई होते, म्हणून त्याला एरिकाच्याच घरी मुक्काम करावा लागतो. मुलगी सहज बाजूला होते आणि आई नि हॅरी यांचं जुळत जातं. मधे एक छत्तीस वर्षांचा डॉक्टर (कियानू रीव्हज) एरिकाच्या प्रेमात पडतो. गोष्ट एवढीच. पण तपशील पाहावेत तर ते मायर्सचे.

कॅज्युअल्टीतला प्रसंग लागला आणि मी सोफ्यावर सरसावून बसले. डॉक्टर हॅरीला विचारतो, व्हायग्रा घेतली होती का? कारण सलाईनमधून नायट्रोग्लिसरीन चालू आहे आणि दोन्ही एकत्र झाली तर जिवावर बेतेल. आजूबाजूला बायका उभ्या, म्हणून हॅरी ठामपणे नाही म्हणतो. मग डॉक्टर पुन्हा बजावतो, तेव्हा तो घाईघाईनं सुई उपटून काढतो. घरात सगळे हसले. मीही हसले, पण हा प्रसंग शंभर टक्के खरा आहे हे खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. व्हायग्रा १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, काही वर्षांत आपल्याकडेही आली, आणि तेव्हापासून हा प्रश्न आम्हाला अटॅकच्या पेशंटला विचारावा लागतो. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की बीपी इतकं खाली जातं की सावरणं कठीण होतं. आणि माणसं खोटं बोलतात. मुलगा शेजारी उभा असतो, सून फॉर्म भरत असते. साठीचा माणूस त्या दोघांसमोर हो कसं म्हणेल? आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांची पद्धत होती. ते आधी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे, पडदा ओढायचे आणि मग विचारायचे. मी इन्चार्ज झाल्यावर माझ्या हाताखालच्या नर्सना हेच शिकवलं.

पुढे हॅरी विचारतो की पुन्हा शरीरसंबंध कधी ठेवता येईल. डॉक्टर सांगतो, जिना चढता आला की. हे खरंच असं सांगतात. दोन जिने जरा चपळाईनं चढून छातीत दुखलं नाही, धाप लागली नाही, तर हृदय तेवढा भार घ्यायला तयार आहे असा ढोबळ हिशेब असतो. खात्री हवी असेल तर ट्रेडमिल टेस्ट करतात. मीठ किती, स्कूटर कधी, वजन कधी उचलायचं, हे सगळं आम्ही डिस्चार्जच्या वेळी सांगायचो. ही एक गोष्ट पेशंटनं विचारली तरच निघायची, आणि विचारणारे थोडे. बायको बिल भरायला खाली गेली की हळूच म्हणायचे, "सिस्टर, जिना चढायचा सांगितलंत, चालायचं सांगितलंत. बाकीचं?" त्या 'बाकीचं'मध्ये सगळं आलेलं असायचं.

बायका तर त्याहून मागे. एक आजी मला अजून दिसतात. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, वय पासष्ट-सत्तर. त्यांच्या यजमानांचं बायपास झालेलं. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मला लिफ्टजवळ गाठलं आणि पदर तोंडाशी धरून विचारलं, "ह्यांच्या शेजारी निजलं तर चालंल का? झोपंत माझा हात पडला छातीवर तर?" छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर जपायला हवं, हे मी सांगितलं. मग म्हटलं, उशी मधे ठेवा आणि शेजारीच निजा, त्यांनाही बरं वाटेल. आजींनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. तीन मुलगे, तीन सुना, खोलीभर नातवंडं असलेल्या त्या बाईला नवऱ्याशेजारी झोपण्याची परवानगी एका परक्या नर्सकडे मागावी लागली. तिला ती हवी होती. काळजी होतीच, पण ओढही होती, आणि ती ओढ बोलून दाखवायला तिच्याकडे दुसरं माणूस नव्हतं.

सिनेमात वादळाची रात्र येते. दिवे जातात, मेणबत्त्या लावतात. एरिका कायम गळ्यापर्यंत बंद स्वेटर घालणारी बाई. ती हॅरीच्या हातात कात्री देते आणि तो तिचा स्वेटर खालून वर कापत जातो. खोलीत आम्ही पाच जण होतो: मुलगा, सून, सरांची नगरहून आलेली मुलगी आणि आम्ही दोघं. टीव्हीवर असलं काही लागलं की आपल्या घरात कुणाला तरी तहान लागते, कुणाचा फोन येतो, कुणी फराळाचा डबा आवरायला उठतं. त्या संध्याकाळी कुणी उठलं नाही. सर चष्मा नाकावर सरकवून सरळ पडद्याकडे पाहत होते. मीही पाहत होते. ते दोघं मधेच बीपीचं यंत्र काढून बघतात, तेव्हा सरांची मुलगी खुदकन हसली आणि म्हणाली, "बाबा, आपल्याकडचं यंत्र कुठेय?" सगळी खोली हसली आणि त्या हसण्यानं काहीतरी मोकळं झालं.

सत्तावन्न वर्षांची कीटन या सिनेमात सत्तावन्न वर्षांचीच दिसते. मानेवरच्या सुरकुत्या दिसतात, डोळ्यांखालची सूज दिसते. तिच्यावर प्रेम बसतं ते या सगळ्यासकट. मी आयुष्यभर शरीरं पाहिली आहेत, पुसली आहेत, कुशीवर वळवली आहेत. म्हातारं शरीर म्हणजे दुखणी, हे समीकरण आमच्याही डोक्यात पक्कं बसतं. पण पाठ पुसताना साठीची बाई लाजते, केस विंचरून दिले की तिचा चेहरा उजळतो, हेही आम्हीच पाहतो. नवरा भेटीला यायच्या आधी उशीखालून पावडरची डबी काढणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या. आयसीयूत पावडर चालत नाही, मॉनिटरचे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. मी त्यांना फक्त चेहऱ्याला लावू द्यायचे.

मला सिनेमातला सगळ्यात खरा भाग मात्र प्रेम जमण्याचा नाही, मोडण्याचा वाटला. त्या रात्रीनंतर दोघंही कधी नव्हे ते सलग आठ तास झोपतात. हॅरी बरा होऊन न्यूयॉर्कला परततो आणि एका संध्याकाळी एरिकाला तो हॉटेलात दुसऱ्या तरुण बाईबरोबर दिसतो. मग ती रडते. टेबलाशी बसून, अंघोळ करताना, समुद्रावर, अंथरुणात, मोठ्यानं, हुंदके देत. रडता रडता कॉम्प्युटरवर नाटक लिहीत जाते, मधेच एखादं वाक्य जमलं की हसते आणि पुन्हा रडते. लोक इथे हसतात, कारण कीटन ते तसं करते. मी नाही हसू शकले. पन्नाशीच्या पुढच्या बाईला प्रेमभंग होतो, तो विशीतल्या मुलीइतकाच होतो, आणि ती तो लपवत नाही, हे मी पडद्यावर असं कधी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे या वयाच्या बाईला रडायला कारणं ठरलेली आहेत: नवऱ्याचं आजारपण, मुलगा परदेशी, सुनेचं बोलणं. कुणीतरी आपल्याला नको म्हटलं म्हणून रडायला तिला मुभा नाही.

आणि असं रडणं शरीरालाही कळतं. जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास एक आजार नोंदवला. प्रचंड मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो, आकुंचन पावत नाही. लक्षणं हुबेहूब अटॅकची, ईसीजीही तसाच, पण अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या स्वच्छ. जपानात ऑक्टोपस धरायला ज्या आकाराचं मडकं वापरतात तसं हृदय दिसतं, म्हणून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. बहुतेक पेशंट पाळी गेलेल्या बायका. नवरा गेला, मुलगा गेला, अशा बातमीनंतर आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बहुतेक काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात. सिनेमात उलटं घडतं. छातीत कळ येते ती हॅरीच्या. अटॅक समजून तो पळत दवाखाना गाठतो आणि डॉक्टर सांगतात, हा अटॅक नाही, घाबरल्यामुळे झालेलं आहे. आयुष्यभर कुणाच्यात न गुंतलेल्या माणसाला प्रेमाचा त्रास छातीचा त्रास वाटतो. वॉर्डात असे पुरुष भरपूर येतात. "काही नाही, गॅस झाला असेल," म्हणून बायकोला दटावणारे, आणि ती गेल्यावर सहा महिन्यांत धडधड घेऊन येणारे.

या सिनेमात जे नाही तेही सांगायला हवं. त्यातल्या कुणाला पैशाची अडचण नाही. समुद्राकाठचं पांढरंशुभ्र घर, पॅरिसमधला वाढदिवस, जेवणाचं टेबल हे सगळं देखणं आहे, पण पेन्शन, फ्लॅट, बँकेतल्या ठेवी यांचा त्यात उल्लेख नाही. तो तरुण डॉक्टर किती सहज बाजूला होतो! त्याचं दुःख दाखवायला पाच मिनिटं दिली असती तर बिघडलं नसतं. एरिकाच्या मुलीची तक्रारही चिमूटभर. आपल्याकडे मुलांची तक्रार हाच अर्धा सिनेमा झाला असता.

सुनेनं मधेच विचारलं, आपल्याकडे असं कशात आहे? नावं निघाली. बासू चॅटर्जींचा १९७८चा 'खट्टा मीठा': अशोक कुमार आणि पर्ल पदमसी, विधुर आणि विधवा, दोघांच्या मुलांनी भरलेलं पारशी घर. फार गोड सिनेमा, पण त्यातलं लग्न दोन संसारांची घडी बसवण्यासाठी होतं. 'चीनी कम'मध्ये अमिताभ साठीच्या पुढे, पण समोर तब्बू, तिशीतली. झी मराठीवरची 'अग्गंबाई सासूबाई' २०१९ मध्ये सुरू झाली, निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. सून सासूचं लग्न लावून देते, ही कल्पना घराघरांत रोज संध्याकाळी बोलली गेली, हे त्या मालिकेचं मोठं काम मी मानते. आमच्या लग्नाच्या वेळी शेजारच्या बाईंनी मला त्या मालिकेचंच नाव घेऊन शुभेच्छा दिल्या होत्या. तरीही सून परवानगी देते तेव्हा सासूचं प्रेम पुढे सरकतं, हे त्यातलं सूत्र मला खटकतं. एरिका कुणाची परवानगी घेत नाही.

आमचं ठरलं तेव्हा नात्यागोत्यातून जे ऐकू आलं ते प्रेमळच होतं. "बरं झालं, सरांच्या औषधपाण्याला हक्काचं माणूस मिळालं." "तुलाही आधार झाला, रात्री-अपरात्री एकटीनं राहणं काही खरं नाही." कुणी वाईट बोललं नाही. पण त्या प्रत्येक वाक्यात मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले होते. औषधं मी जन्मभर दिली, पगार घेऊन दिली, मन लावून दिली. त्यासाठी मला लग्न करायची गरज नव्हती. सरांनाही चोवीस तासांची बाई ठेवता आली असती. मी लग्न केलं कारण ते भूमितीचं प्रमेय समजावतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात ते मला आवडतं, कारण ते मला हसवतात, आणि कारण मला त्यांच्या शेजारी झोपायचं होतं. साठीच्या माणसांना लग्न करायचं असेल तर त्यांनी त्याचं उपयोगी कारण द्यावं, अशी आपली अपेक्षा असते. कारण उपयोगी असलं की सगळे टाळ्या वाजवतात. आवडलं म्हणून केलं, असं म्हटलं की खोली गप्प होते.

सर या बाबतीत माझ्याहून सरळ. लग्नाच्या आधी ते मला घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर तरुण. फाइल पाहून म्हणाले, सगळं छान आहे, पुढच्या वेळी सहा महिन्यांनी या. सर उठले नाहीत. म्हणाले, "माझं लग्न ठरलं आहे. या सिस्टर. मला संसार करायचा आहे. माझं हृदय तेवढं चांगलं आहे का, ते तपासून सांगा." डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आमच्याशी नीट बोलले. ट्रेडमिल टेस्ट झाली, एका गोळीची मात्रा बदलली, जिभेखाली ठेवायची गोळी कधी घ्यायची आणि तिच्याबरोबर काय अजिबात घ्यायचं नाही, ते लिहून दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एका पेशंटनं बायको होणाऱ्या बाईसमोर असं विचारताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तो माणूस माझा होता.

लग्न आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून केलं. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, ती कचेरीत फलकावर लावतात. आम्ही दोघं ती पाहायला मुद्दाम गेलो. विशीतल्या मुलामुलींच्या नोटिशींच्या ओळीत आमची दोन नावं, वयाच्या रकान्यात आमचे आकडे. सरांनी दोन्ही आकड्यांची मनातल्या मनात बेरीज केली असणार, कारण ते गालात हसले.

मुलांना त्या आधी आम्ही बोलावलं होतं. हे मी आवर्जून लिहिते, कारण सिनेमात हा भाग नाही आणि आपल्याकडे लग्नं इथेच अडतात. मुलांच्या मनात भीती असते आणि तिला कायद्याचा आधार असतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर बायको मुलांच्या बरोबरीची पहिल्या वर्गाची वारस असते, आणि बाई गेली तर तिच्या मालमत्तेत मुलांबरोबर नवऱ्याचाही वाटा येतो. पहिल्या आईनं काटकसरीनं उभा केलेला फ्लॅट उद्या दुसऱ्या घरात जाईल, असं एखाद्या मुलीला वाटलं तर तिला स्वार्थी म्हणू नये. उपाय सोपा आहे. स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. सरांनी फ्लॅट मुलीच्या नावे केला, माझ्या हयातीत तिथे राहण्याचा हक्क मला ठेवून. मी माझं घर मुलाला लिहिलं. लोक नॉमिनीचं नाव बदललं की झालं समजतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकिलांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं.

माझ्या एका मैत्रिणीला मात्र लग्नाचा मार्ग घेता आला नाही. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या मागे तिला कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं आणि मुलं असलेल्या विधवेनं पुन्हा लग्न केलं की तिचं ते बंद होतं. तिचं सगळं घर त्यावर चालतं. तिचं ज्या गृहस्थांशी जमलं, त्यांच्याबरोबर ती लग्नाशिवाय राहते. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं मंडळ २०१२ मध्ये काढलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. अशा अडचणी जवळून पाहिल्या की त्या मंडळाची गरज कळते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं आहे, पण वारसा आपोआप मिळत नाही, म्हणून अशा जोडप्यांनी तर मृत्युपत्र हमखास करावं. मैत्रिणीनं केलं आहे. प्रेम करताना पेन्शनचा नियम वाचावा लागणारी ती बाई मला एरिकाइतकीच धीट वाटते.

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. शेवटी पॅरिसमध्ये, बर्फ पडत असताना, ती दोघं भेटतात. सरांच्या मुलीनं दिवा लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, तुम्ही पण रडला होतात का? बाबांसाठी?" सर काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले. मी हो म्हटलं. लग्न ठरायच्या आधी एका पावसाळ्यात सर मुलीकडे गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. त्यांनी मन बदललं असं समजून मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले होते, कुकरच्या शिट्ट्यांत आवाज लपवून. ते तिला मी पहिल्यांदाच सांगितलं, सरांनाही. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मग आम्ही कितीतरी वेळ तिच्या आईबद्दल बोललो. त्यांना कोणते सिनेमे आवडायचे, सर त्यांना कुठे घेऊन जायचे. सरांनी पहिल्या पत्नीबद्दल माझ्यासमोर इतकं मोकळेपणी बोलावं, हे मला बरं वाटलं. माझ्या पहिल्या यजमानांचा फोटोही आमच्या दिवाणखान्यात आहेच.

कीटनला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं. सिनेमानं जगभरात सव्वीस कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे पन्नाशीतल्या बाईचं प्रेम बघायला लोक पैसे देऊन येतात. मराठीत असा सिनेमा यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, ज्यात साठीची बाई कुणाची सेवा करायला नाही, तर आवडलं म्हणून प्रेम करते, आणि ज्यात सासर-माहेर, पेन्शन, फ्लॅट, रजिस्ट्रारची कचेरी हे सगळं आहे. नट-नट्या आपल्याकडे आहेत, गोष्टी तर प्रत्येक सोसायटीत आहेत.

वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना सांगणं आहे: डिस्चार्जच्या वेळी पेशंटनं विचारायची वाट पाहू नका, पडदा ओढा आणि आपणहून सांगा. बायकोलाही सांगा. आणि तुमच्या घरात आई किंवा वडील म्हणाले की कुणीतरी आवडलं आहे, तर कारण विचारू नका. त्या माणसाला आधी जेवायला बोलवा. मृत्युपत्राचं बोलणं नंतर करा, पण नक्की करा, आणि वकिलासमोर करा.